मोहरीएवढं चुंबक

४ जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

एवढं शिकून तुमची मुलगी नेमकं करते काय, हे दुकानात आलेल्या माणसाला एका वाक्यात कसं सांगायचं? तुमच्या मागच्या पत्रातला हा प्रश्न मी आठवडाभर खिशात घालून फिरते आहे. उत्तर मला देता येत नाही. दहा वाक्यांत देता येईल, पण तोवर गिऱ्हाईक आपला स्पीकर काखोटीला मारून निघून जाईल, हे मलाही कळतं.

तरी प्रयत्न करते. जमिनीत सतरा धातू आहेत, त्यांना दुर्मीळ मृदा म्हणतात. नावातच थाप आहे, कारण ते तसे दुर्मीळ नाहीत. कुठल्याही टेकडीवरची मूठभर माती घ्या, कणभर का होईना सापडतील. दुर्मीळ आहे ते त्यांना एकमेकांपासून वेगळं करणं. एका घरातली सतरा भावंडं, तोंडवळा एक, त्यात एकमेकांचे सदरे घालून बसलेली. थोरलं कोण, धाकटं कोण, हे शेजाऱ्याला कधी कळायचं? त्यांची वाटणी करायची तर आधी डोंगर पोखरावा लागतो, मग आम्लाची धुणी शेकडो वेळा धुवावी लागतात, आणि तो सगळा गाळ कुणाच्या तरी नदीकाठी उरतो. बरं, नको म्हणावं तर त्यांच्यावाचून फोनच्या पडद्याला रंग नाही आणि बॅटरीवरच्या गाडीला वेग नाही.

आम्ही आठ जण इथे एवढ्याचसाठी आहोत की डोंगराला हात न लावता हे धातू मिळावेत. लोकांनी टाकून दिलेले इअरफोन आणि हार्ड डिस्क घ्यायच्या, त्यांतली चुंबकं काढायची, ती विरघळवायची आणि त्यातला निओडिमियम नावाचा धातू परत मिळवायचा. परवा काचेच्या भांड्यात पहिल्यांदा फिकट जांभळं पाणी उतरलं आणि मला रडू आलं. आमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या की रडायचं असेल तर भांड्यापासून लांब उभी राहा, प्रमाण बिघडेल.

आता मुद्द्याचं. फोनवर तुम्ही सगळ्यालाच हो हो म्हणता. डॉक्टरांकडे कधी जाताय म्हटलं, हो हो. आईला फोन द्या म्हटलं, हो हो. म्हणून तर आपला हा पत्रांचा उद्योग चालला आहे. गेल्या वर्षीचा कान तपासल्याचा कागद तुम्ही अँप्लिफायरच्या खोक्यात लपवला होता. तो आईने शोधून मला पाठवला. त्याबरहुकूम बसवून घेतलेलं कानाचं मशीन कुरिअरने निघालं आहे. रागवायचं असेल तर ते घालून रागवा, म्हणजे स्वतःचा आवाज किती चढतो ते कळेल.

लोभ आहेच, रागाच्या वरच्या फळीवर असू द्यावा.

तुमची,
पदवीधर


११ जानेवारी, दुकान

चि. पदवीधर हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पार्सल पोचलं. चाळीस वर्षं लोकांचा आवाज दुरुस्त करणाऱ्याच्या कानात मशीन, म्हणजे न्हाव्याने डोक्यावर टोप घालून गिऱ्हाईक बोलावण्यासारखं झालं. मी घालणार नव्हतो. पण तुझी आई समोर बसून राहिली, आणि ती अशी बसली की चहासुद्धा मिळत नाही, हे तुला ठाऊक आहे.

घातलं. पहिल्या तासात दोन शोध लागले. एक, आपलं भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं. दुसरा, माझं प्रत्येक वाक्य संपलं की तुझी आई हळूच काहीतरी पुटपुटते. काय ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. निदान दोन वर्षं चाललेलं दिसतं.

तुझी सतरा भावंडं कळली. मला तर सहाच भाऊ होते आणि वाटणीला अकरा वर्षं लागली, तेव्हा सतराचं काय होत असेल याची कल्पना आहे. पण एक शंका. माझ्या मांडणीवर बशीएवढी काळी चुंबकं पडली आहेत, एकेक हातात घेतलं तर मनगट वाकेल. तेव्हा कुठे स्पीकर घुमतो. या तुझ्या मशीनमध्ये चुंबक आहे कुठे? आणि चुंबक नाही तर ते वाजतं कशाच्या जोरावर? सविस्तर लिही. शिकल्याचा उपयोग दिसू दे.

आईचा हात पाठीवर आहेच, माझा धर.

तुझा,
बाबा


१५ जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

चुंबक आहे! मशीनच्या टोकाला कानात जाणारी जी पत्र्याची डबी आहे, तांदळाच्या चार दाण्यांएवढी, तो तुमचा स्पीकरच आहे. त्यात बारीक तारेची कॉइल आहे, पडदा आहे आणि मोहरीएवढं चुंबक आहे. ते माझ्या निओडिमियमचं. तेवढ्याच जोराला तुमचं काळं चुंबक घालायचं म्हटलं तर दहापट मोठं लागेल, आणि मग मशीन कानात नाही, खांद्यावर घ्यावं लागेल. एवढ्याशा दाण्यासाठी कुठेतरी डोंगर फुटतो, हे मनात आलं की मला कुणी फेकून दिलेला इअरफोन ओलांडून पुढे जाता येत नाही. परवा बसथांब्यावर एक उचलला, तर शेजारच्या बाईंनी मला सुटे पैसे देऊ केले.

आमचं मात्र अडलं आहे. इअरफोनची पोती दाराशी येऊन पडलीत आणि ती उघडायची कशी, कळत नाही. यंत्रात दळली की चुंबकाचा भुगा लोखंडाच्या कणांना असा बिलगतो की सुटत नाही. हातोडीने फोडावं तर ठिणग्या उडतात. शेवटी आम्ही आठ पदवीधर चिमटे घेऊन बसलो. दिवसभरात चौदा चुंबकं सुटली आणि तीन बोटं कापली. त्यातली दोन माझी.

मशीन रोज घालत जा. आईच्या पुटपुटण्याला आता उत्तर द्यायला हरकत नाही, पण लोभ सांभाळून.

तुमची,
पदवीधर


२४ जानेवारी, घर

चि. पदवीधर हिस,
आशीर्वाद.

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, बस.

मशीन मी उघडलं. कारण ऐक, मग काय बोलायचं ते बोल. सोमवारी दुरुस्त करून ठेवलेले स्पीकर गिऱ्हाईक न्यायला येणार होतं, म्हणून वाजवून पाहिले. पहिल्यात खरखर. दुसऱ्यात खरखर. तिसऱ्यात तीच. म्हटलं, पोरीला फसवलं कुणीतरी, मशीनची कॉइल घासते आहे. घासणारी कॉइल चाळीस वर्षांत माझ्या उंबऱ्याबाहेर गेलेली नाही, तेव्हा चूक कुणाची हे उघडच होतं.

डोळ्याला भिंग लावलं, ब्लेडने डबीचं झाकण सोडवलं. एक ओरखडा उठू दिला नाही. आत सगळं जागच्या जागी. कॉइल अशी की बाळाचं जावळ. आणि तुझं चुंबक होतं ग, खरंच मोहरीएवढं. बघतो आहे तोच टुणकन उडालं आणि माझ्या डिसमिसच्या टोकावर जाऊन बसलं. आम्ही डिसमिस चुंबकावर घासून ठेवतो, स्क्रू निसटू नये म्हणून. चाळीस वर्षांची सवय, ध्यानातच आलं नाही. सोडवायला गेलो तर त्याचे दोन तुकडे झाले. डोंगर फुटल्यासारखं वाटलं, तुझ्या भाषेत.

तर मशीन खरं बोलत होतं. मग मी स्पीकरच्या कोनवर, म्हणजे त्या कागदी पडद्यावर, बोट ठेवलं, माझ्या वस्तादाने शिकवलं होतं तसं. बोटाला खरखर लागली. बोट खोटं बोलत नाही. हल्ली ते ठेवायचं मी सोडून दिलं होतं, कानाचा गर्व होता ना. म्हणजे दोन वर्षं मी लोकांना खरखर बांधून देत होतो आणि लोक छान म्हणून घेऊन जात होते. शाळेच्या सभागृहातला स्पीकर परत आणायला गेलो, तर मुख्याध्यापिका म्हणाल्या की स्पीकरचं वय झालं की आवाज असाच येतो असं त्यांना वाटलं होतं. मला वाईट वाटू नये म्हणून बोलल्या नव्हत्या. तेच जास्त लागलं.

सात स्पीकर परत आणले. तेवढे बोटावर नीट करून देईन आणि थांबेन. गाळामालकाला सांगून आलो की फेब्रुवारीअखेर जागा रिकामी करतो. तू मनाला लावून घेऊ नकोस. आवाजाच्या दुकानात बहिरा मालक शोभत नाही, एवढंच.

मशीन औषधाच्या डबीत कापूस घालून पाठवतो आहे. चुंबकाचे दोन्ही तुकडे डिसमिसला तसेच आहेत, म्हणून डिसमिसही पाठवतो. तुझ्या जांभळ्या पाण्यात टाक.

तुझा,
बाबा

ता. क. मी आई. यांनी पाकीट चिकटवायला दिलं, म्हणून लिहिते. दुकानाचं शटर अर्धंच उघडतात. घरी आले की हात कुठे ठेवावेत ते कळत नाही त्यांना. काल माझ्या शिलाई मशीनचे सगळे स्क्रू आवळून ठेवले, आता चाक फिरत नाही. तू शिकलेली आहेस, काहीतरी कर.


२९ जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

बसून वाचलं. आधी हसले, मग आईची ओळ वाचली.

मशीनसाठी मी रागावणार नाही. सातवीत असताना मी घरातला रेडिओ उघडला आणि मला तो बंद करता आला नाही. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की उघडून बघणाऱ्याचं चुकतं, पण त्याला कळतं. ते वाक्य घेऊनच मी कॉलेजात गेले. आता ते तुम्हाला लागू नाही, असं कसं म्हणू?

फक्त एक करा. गाळ्यातली एकही वस्तू हलवू नका. भिंगाचा दिवा नको, आणि ते बारीक चिमट्यांचं लाकडी खोकं तर मुळीच नको. रविवारी अकराला फोन करते. घ्याच.

लोभ आहे, तोही आहे तिथेच ठेवावा.

तुमची,
पदवीधर


६ फेब्रुवारी, सकाळ

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला पोस्टमन देणार नाही, टेम्पोवाला देईल. आधी वाचा, मग त्याला काय बोलायचं ते बोला. त्याचा यात काही दोष नाही.

मशीन मी कानाच्या यंत्रांच्या कारागिराकडे नेलं. त्याने डबी भिंगाखाली धरली आणि विचारलं की हे कुठल्या कारखान्यात उघडलं. म्हटलं, घरी. त्याने पुन्हा बघितलं. म्हणाला, अशी डबी न चेपता उघडलेली त्याने आजवर पाहिली नव्हती. तो स्वतः सरळ कापून फेकतो आणि नवी बसवतो. तशी नवी त्याने बसवून दिली. मशीन टेम्पोतल्या पहिल्या खोक्यात, कापसात आहे. या वेळी डिसमिस लांब ठेवा.

जुनी डबी मी मागून घेतली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्या दहा मिनिटं सूक्ष्मदर्शकातून मान काढेनात. मग विचारलं की ही बोटं कुणाची. मी सांगितलं, आणि खरखरीचंही सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मॅडम म्हणाल्या की कानाचं त्यांना काही नाही, इअरफोन उघडताना कोण ऐकतं? पण ज्या माणसाने स्वतःची चूक सापडल्यावर सात ठिकाणी जाऊन माल परत आणला, त्याच्याकडे पोती पाठवून त्यांची झोप उडणार नाही. काम घेतील का, एवढं विचार म्हणाल्या.

आता माझा कबुलीजबाब. मी नेहमी सांगते की कुणाच्या आयुष्याचं परस्पर ठरवू नये. म्हणून रविवारी फोन स्पीकरवर टाकून, मॅडमना शेजारी बसवून, मी तुम्हाला रीतसर विचारलं की आमची चुंबकं सोडवण्याचं काम आपल्या दुकानात घ्याल का. तुम्ही हो हो म्हणालात. एकदा नाही, तीनदा. तुम्हाला काही ऐकू आलं नव्हतं, हे मला माहीत होतं. मॅडमना नव्हतं. बाबा, यात माझं चुकलं आहे. पण उघडून बघणाऱ्याचं चुकतंच.

गाळामालकांशीही बोलले. ते म्हणाले की त्यांनी तुमचं बोलणं मनावर घेतलंच नव्हतं, कारण जागा सोडणारा माणूस जाताना शटरला तेल घालत नाही.

स्पीकर सोडू नका. कानाने ऐका आणि बोटाने खात्री करा, मग कुणाच्या भिडेला जागा राहणार नाही. इअरफोन दुपारी. दर गुरुवार-शुक्रवार मी तिथे असणार. ही रजा नाही, मॅडमनी मला शिकायला पाठवलं आहे. डबी न चेपता झाकण कसं सोडवायचं ते आम्हा आठांपैकी कुणाला येत नाही. आईला सांगा, शिलाई मशीनचं चाक मी आल्यावर सोडवीन, तुम्ही त्याला हात लावू नका.

आणि तुमचा प्रश्न. दुकानात कुणी विचारलं की एवढं शिकून तुमची मुलगी करते काय, तर एका वाक्यात सांगा की माझ्याकडे उमेदवारी करते.

लोभ असो नसो, वस्तादाने कान पिळावा. आता तुम्हाला माझं ओरडणंही ऐकू येईल.

सकाळी सातला इअरफोनची अकरा खोकी मोजून चढवली, आता हे पत्र देऊन टेम्पो सोडते.

तुमची,
उमेदवार