लताच्या नऊ कोंबड्या

३ डिसेंबर
खुराडं: बाभळीचे चार खांब, जाळी, वर पत्रा. तेलाचे डबे कापून अंड्यांसाठी सहा खण. आतला बल्ब, त्याची वायर. सगळं माझ्या हातचं, कोणाला न विचारता केलेलं. कोंबड्या मात्र लताच्या. ती जाऊन आज सत्तेचाळीस दिवस. बायको नाही, कोंबड्या नऊ.
सकाळी आत पिसंच पिसं. वाटलं मुंगूस शिरलं. जाळी बोटानं चाचपली. भोक नाही. असणारच नाही.

५ डिसें.
पिसं आधी मानेची, मग पाठीची. उवा नाहीत, भिंग लावून पाहिलं. थंडी कडक. पांढरीची पाठ पार उघडी. हिला लता ‘मामी’ म्हणायची, नखरे फार म्हणून.
शेजारच्या कमलवहिनी कुंपणावरून, “मानमोडी असन भाऊजी. मरायच्या आंधी इकून टाका.”
“मानमोडीत मान वाकडी होते वयनी, पिसं नाई गळत.”
“तुमाले तं सारंच येते बा!”

६ डिसें.
आजपासून रोज सकाळी एकेकीला उचलून नोंद. नव्या पिसांचे कोंब किती, कुठे. मामी: डाव्या पंखात सात, उजव्यात पाच. उचललं की किंचाळते.

९ डिसें.
मामी दोन दिवस खात नाही. मला पाहिलं की कोपऱ्यात. आज एका कोंबातून रक्त. शेवटी मेडशीच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला.
“रोग नाई काका, पिसं बदलून राह्यल्या. नव्या कोंबात रक्त असते, हात लावला की दुखते. रोज कायले उचलता?”
नोंदीची वही मिटली.
“पहाटे बल्ब लावत होतं का कोणी?”
लता. पाच वाजता, चहाच्याही आधी. बल्ब माझा, उठणं तिचं. ती गेल्यापासून ते बटन कोणी दाबलंच नाही. उजेड एकदम तुटला, म्हणून नऊच्या नऊ जणींनी ऐन थंडीत अंग उघडं टाकलं. आता लावू नका, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिसं बदलणं पुरं होऊ द्या. सोयाबीन भाजून, भरडून द्या.
त्रेपन्न दिवस त्या अंधारात, आणि मी

१२ डिसें.
हात लावला नाही. वाऱ्याच्या बाजूनं पोती बांधली. भरडा ठेवला, लांब उभा राहिलो. येत नाहीत. लता त्यांना काहीतरी आवाज द्यायची. वीस वर्षं रोज कानावर पडला. आज तोंड उघडलं तर आठवेना. कुठल्याच वहीत नाही.

१३ डिसें.
रेखाचा फोन, सासरहून. “बाबा, इकून टाका अन् इकडं या. आईच नाई तं कोंबड्या कायले?”
“मंग तू तरी कायले?” बोलून गेलो. पोरगी रडली. आई कसा आवाज द्यायची, हे तिला विचारायचं होतं. राहिलं.

१७ डिसें.
आठींना बारीक पिसं फुटली. मामी उन्हात बसून. वाटीतला भरडा थोडा कमी दिसतो, तिनंच खाल्ला का, सांगता येत नाही.
दुपारी रिसोडचा कोंबडीवाला जीप थांबवून आत आला. “काका, उघड्या मालाले बजारात कोणी इचारत नाई. तुमी म्हणून आठीचे चार हजार देतो.”
“नऊ आहेत.”
“ते पांढरी? ते तं आज-उद्याची पावनी!” मग माझ्या तोंडाकडे पाहून, “बरं, तिचे दोनशे धरा.”
नाही म्हटलं. नऊ कोंबड्या, मामी धरून, रोख चार हजार दोनशे नाकारले.