आमसूल तोंडात धरून

मांडवी, रत्नागिरी
रविवार, दुपार

ती. ताईस,

हरिहरचा वाकून नमस्कार. (कंबर हल्ली अर्ध्यातच थांबते, उरलेला मनाने वाकलोय असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला, की अजून तुझ्या बोलण्याला ठेका धरतोय? फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर आपण भावंडं एकाच वेळी बोलतो आणि ठेवल्यावर दोघंही घरच्यांना सांगतो, की समोरचा ऐकतच नाही. पत्रात निदान एकाला गप्प बसावं लागतं.

तर बातमी अशी, की जन्मभर मास्तरकी करून या वयात मी शिकवणीला बसलोय. संगणकावर. विषय कोचिंग. (दहावीच्या क्लासांचं नव्हे. माणसाला त्याच्या अडचणीतून त्याची वाट त्यालाच शोधायला मदत करायची, याचं आता शास्त्र निघालंय.) जाहिरात वाचून वाटलं, गावाला आजवर फुकट सल्ले दिले, निवृत्त झालो तरी थांबलो नाही, त्याचं आता रीतसर प्रमाणपत्र मिळेल. पहिल्याच दिवशी श्रद्धा मॅडम (आपल्या आर्याहून फार मोठ्या नसाव्यात) म्हणाल्या, इथे सल्ला द्यायला बंदी आहे. प्रश्न विचारायचा, गप्प बसायचं आणि समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकायचं. मला वाटलं, नेटवर्क गेल्याने भलतंच ऐकू आलं. ते गेलं नव्हतं. भरलेली फी परत मिळत नाही असं कळल्यावर बसून राहिलो.

खरं कारण तुला सांगायला हरकत नाही. आर्या पुण्याहून फोन करते, मी उचलला की म्हणते, "बाबा, आईकडे दे." रागाने नाही, मायेनेच म्हणते, पण म्हणतेच. मग आतल्या खोलीतून उमाचं हसणं ऐकू येतं आणि मी वाचलेला पेपर पुन्हा वाचतो. मला त्याचं वाईट वाटतं, ताई. फार वाटतं.

सराव घरातूनच सुरू केला. उमाने विचारलं, "आज भाजी काय करू?" एरवी मी भाजी, फोडणी आणि मीठ, तिन्ही सांगतो. त्या दिवशी शांतपणे म्हटलं, "तुला काय करावंसं वाटतं?" आणि तिच्याकडे बघत राहिलो. ती खोबरं खवायचं सोडून उठली, माझा चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, "अहो, जरा हसून दाखवा बघू. आता दोन्ही हात वर करा." अर्धांगाचा झटका आलेला नाही याची खात्री झाल्यावरच चूल पेटली. (पडवळ झालं. सांगितलं असतं तर बटाटा मिळाला असता.)

मग आमचे शेजारी मजीदभाई, जहाजावरची नोकरी संपवून आलेले, कुंपणाशी आले. "मास्तर, आमच्या कलमाची फांदी तुमच्या कौलांवर आलीय. काय करायचा?" हा प्रश्न ते दर वर्षी विचारतात, मी छाटणीचं शास्त्र समजावतो, आणि फांदी आणखी हातभर वाढते. या वेळी मी फक्त म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?" आणि गप्प. ते बघतच राहिले. आपल्याकडे माणूस तावातावाने बोलतोय तोवर सगळं ठीक असतं. अदबीने बोलायला लागला की समोरचा वकील शोधायला लागतो. संध्याकाळच्या आत फांदी तोडून झाली आणि शमीमभाभींकडून वाडगाभर खीर आली, मास्तरांचा राग गेला का या चौकशीसकट. (खीर उत्तम होती. राग नव्हताच, पण तसं लगेच कळवलं नाही.)

खरी अडचण गप्प बसण्याची. प्रश्न कोणीही विचारील. उत्तर चालू असताना माझी जीभ मोकाट गुरासारखी दुसऱ्याच्या शेतात शिरते. शेवटी तू धाडलेल्या बरणीतलं एक आमसूल काढून दाढेखाली धरलं. आंबटाने तोंड असं मिटतं, की सल्ला आतल्या आत विरघळतो. श्रद्धा मॅडमना हा उपाय अजून सांगितलेला नाही, पुस्तकात घालतील.

परवा उमा समुद्रावर फिरायला गेलेली, आणि आर्याचा फोन आला. "आई नाही का? मग नंतर करते." मी म्हटलं, "तू कशी आहेस?" आणि आमसूल तोंडात टाकलं. म्हणाली, "बरी आहे." एरवी इथून मी हवापाणी, दूध आणि प्रॉव्हिडंट फंड अशा क्रमाने निघतो. या वेळी गप्प राहिलो. आणि मग, ताई, पोरगी बोलायला लागली. कामात मन लागत नाही, झोप येत नाही, सगळं सोडून घरी यावंसं वाटतं. आईला सांगावं तर ती रडेल, बाबाला सांगावं तर तो मुद्दे काढेल, म्हणून इतके महिने कोणाशीच बोलली नव्हती. मी नुसता "हं" म्हणत होतो. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते काही आमसुलाचं नव्हतं.

शेवटी म्हणाली, "बाबा, तू सांग ना, मी काय करू?" ती बोलायला शिकल्यापासून मी या प्रश्नाची वाट बघतोय. उत्तरं तयार होती, क्रमवार. आणि दाढेखाली आमसूल. ते गिळेपर्यंत तीच म्हणाली, "असू दे. काही सांगू नकोस. असाच थांब जरा."

थांबलो. तेवढ्यात उमा आली, तिने सवयीने फोनसाठी हात पुढे केला. पलीकडून आर्या म्हणाली, "आईला सांग, मी अजून बाबाशी बोलतेय."

भावोजींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा धाकटा,
हरिहर

ता. क. : आर्या रजा काढून शुक्रवारी निघतेय. आधी दोन दिवस देवरूखला तुझ्याकडे राहणार. आत्याकडे शांत वाटतं, म्हणाली. (कोणत्या आत्याकडे, ते मी विचारलं नाही.) तेव्हा पत्राचं मुख्य काम हे, की मी गिळलेला सल्ला तू तुझा म्हणून तिला सांग. दुसरी नोकरी हातात आल्याशिवाय पहिली सोडू नये, मोबाइल उशाशी ठेवू नये, सकाळी उपाशी बाहेर पडू नये. माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस.

ता. क. २ : वरचा मजकूर उमाने वाचला. आमसुलांची बरणी आणून माझ्यापुढे ठेवली. तेव्हा तो रद्द समज. आर्याला काही सांगू नकोस. फणसाची भाजी कर आणि जवळ बस. तुला ते जमायचं नाही हे मी जाणतो, आपण एकाच आईची लेकरं. म्हणून तुझीच आमसुलं मूठभर परत पाठवतोय. सगळी पाठवत नाही. तुझ्याकडून आर्या इकडेच येणार आहे.