अर्जदाराचे यश रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. मूल्यमापन अधिकारी,
संशोधन सुविधा निष्पत्ती कक्ष,
पिंपरी-चिंचवड विभाग.

विषय : अर्जदाराचे नाव यशस्वी लाभार्थींमधून कमी करून तिची तुटलेली स्प्रिंग तपासून मिळण्याबाबत.

संदर्भ : सामायिक चाचणी केंद्र, चाकण यांची यशोगाथा क्र. १ (क्र. २ अद्याप घडलेली नाही).

महोदय,

अर्जदार कस्तुरा ओव्हाळ ही तळेगाव दाभाडे येथे रुग्णालयातल्या चाकाच्या खुर्च्यांसाठी ब्रेकच्या स्प्रिंगा बनवते. तिचे म्हणणे असे की,

१. काही वर्षांपूर्वी तिच्या स्प्रिंगा तुटू लागल्या. तेव्हा सरकारी पैशातून उभ्या राहिलेल्या या केंद्राने मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा धरून दोष दाखवून दिला. गंज लागू नये म्हणून दिलेल्या प्लेटिंगच्या मुलाम्यानंतर स्प्रिंग भट्टीत तापवून घेतली जात नव्हती, म्हणून ती ठिसूळ होत होती. अर्जदाराने भट्टी बसवली, तुटणे थांबले. हे उपकार ती नाकारत नाही. तिची तक्रार उपकारानंतरची आहे.

२. पुढे केंद्रावरच्या खर्चातून काय निष्पन्न झाले हे मोजायला समित्या येऊ लागल्या, आणि निष्पन्न झालेली वस्तू म्हणून दर वेळी अर्जदाराला उभे करण्यात आले. दिल्लीची समिती आली, मुंबईची आली, मग या दोघींनी नीट मोजले का हे मोजणारी तिसरी आली. प्रत्येकीची शाल आणि नारळ मिळाला. घरात आता नारळाच्या चटणीचे नाव काढलेले कोणाला चालत नाही.

३. गेल्या महिन्यापासून स्प्रिंगा पुन्हा तुटू लागल्या आहेत. भट्टी चालू आहे, तरी कारण कळत नाही. एका रुग्णालयात एका आजींची खुर्ची उतारावरून थेट औषधांच्या खिडकीकडे निघाली. रखवालदाराने ती अंगावर घेतली म्हणून आजी वाचल्या. त्या दिवसापासून अर्जदाराला घास गोड लागत नाही. तिने माल पाठवणे थांबवले, तिच्या स्प्रिंगा बसवलेल्या खुर्च्या वापरू नका म्हणून रुग्णालयांना फोन केले. पण दोष नेमका कोणत्या खेपेत आहे, हे सांगता येत नाही तोवर कोणी ऐकत नाही.

४. म्हणून ती तुकडा घेऊन केंद्रात गेली. सूक्ष्मदर्शकाचे मशीन मोकळे होते, पण पुढच्या समितीचे परीक्षण जवळ आल्याने पुसून झाकून ठेवलेले होते. मशीन चालवणारे मोशीचे गणराजभाऊ हळहळून म्हणाले, "ताई, आमी आत्ता लावून दिलं असतं. पन तुमचं काम यशस्वी म्हनून बंद झालंय. मोडलेलं परत आत घेतलं, तर एकाचं शून्य हुतंय." केंद्रप्रमुख पद्मजा मॅडम यांनी चहा पाजला आणि प्रेमाने समजावले, "कस्तुराताई, परीक्षण होईपर्यंत तुमची स्प्रिंग तुटू शकत नाही हो." अर्जदाराने हे स्प्रिंगेला सांगून पाहिले. ती ऐकत नाही.

५. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी अर्जदाराची गत झाली आहे. तरी तिचे यश तातडीने रद्द करून तिला अपयशी म्हणून नव्याने दाखल करून घ्यावे. आपल्या मोजमापात अपयश तपासण्याला गुण नसतील, तर ते ठेवावेत. मशीन त्याचसाठी घेतले होते, अशी तिची भाबडी समजूत आहे.

६. येत्या परीक्षणात प्रमुख पाहुण्यांना केंद्राच्या दारात मांडलेल्या चाकाच्या खुर्चीत बसवून उतारावर फोटो घेण्याचा बेत आहे. त्या खुर्चीवर 'आमच्या संशोधनाचे फलित' अशी पाटी आहे आणि तिच्या ब्रेकची स्प्रिंग अर्जदाराची आहे. चहा घेऊन बाहेर पडताना तिने तो ब्रेक एकदा ओढून पाहिला. निकाल सोबत जोडला आहे.

आपली नम्र, आणि आपल्याच नोंदीनुसार यशस्वी,

कस्तुरा भीमराज ओव्हाळ
तळेगाव दाभाडे
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१. यशोगाथेचे पान, अर्जदाराच्या हसऱ्या फोटोसह. (हसू तेव्हाचे आहे.)
२. रुग्णालयातल्या खुर्चीची स्प्रिंग, तुकडे दोन.
३. केंद्राच्या दारातल्या खुर्चीची स्प्रिंग, तुकडे दोन.

टीप : दारातल्या खुर्चीच्या चाकाखाली अर्जदाराने वीट लावून ठेवली आहे. फोटोत बरी दिसत नाही म्हणून कृपया ती काढू नये.