बाळाची जागा

२ एप्रिल, जामनगर

पोचले एकदाची! बसमध्ये खिडकी मिळाली, शेजारची बाई गप्प बसणारी निघाली, आणखी काय हवं? किरीट स्टँडवर फाफड्याचं पुडकं घेऊन उभा होता. हसू नुसतं ओसंडत होतं. माझा धाकटा भाऊ बाप होणार! पितळेच्या कारखान्यात राबून नखं काळी पडलीत त्याची, पण अजून तसाच आहे, रस्ताभर मोटीबेन, मोटीबेन करत माझी पिशवी ओढत होता.

घर म्हणजे एक खोली आणि तिच्याच कडेला ओटा. एक पलंग, एक कपाट, देव्हारा आणि पाण्याचा माठ. तिघं जण एकदम उभे राहिलो की चौथ्याने दारात थांबावं. दक्षाला नववा सरत आलाय. तिची आई गेल्या वर्षी वारली, त्यामुळे बाळंतपण माहेरी नाही, इथेच. म्हणून मला बोलावलं. निदान सगळ्यांना सांगायला तरी तसंच आहे. राजकोटच्या घरातून मला परत पाठवलं, बारा वर्षांत कूस उजवली नाही म्हणून, हे इथे कुणी काढत नाही. मीही काढत नाही. आल्या आल्या पदर खोचला आणि सुंठ कुटायला बसले.

४ एप्रिल

आज घरात मोठी सभा भरली. विषय: घोडियं कुठे ठेवायचं.

घोडियं शेजारच्या जडीबांचं आहे. चार पायांची लाकडी घोडी, मधे कापडाची झोळी आणि ओढायला दोरी. नवं विकत आणायचं नसतं, ज्यात पोरं धडधाकट वाढली असतील तेच मागून आणायचं. जडीबांची सात यात वाढली आणि मग सातांची अकरा. सगळी ठणठणीत. देताना म्हातारीने तीनदा बजावलं की बाळ येईपर्यंत दोरीला हात लावायचा नाही, रिकामं हलवायचं नाही. दक्षा म्हणाली, बा, एवढं तर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मग जागा. दारापाशी वारा लागेल, ओट्यापाशी फोडणीचा धूर. खिडकीखाली ऊन. पलंगाला लावून ठेवलं तर दक्षाला उतरायला वाव नाही. किरीट पट्टी घेऊन मोजत होता, आणि मी त्याला म्हटलं, अरे घर बांधतोयस की बाळ झोपवतोयस? खूप हसलो. शेवटी उरली एकच जागा, कपाट आणि भिंत यांच्यामधली. तिथे माझी गादी असते. दक्षा नजर चोरत म्हणाली, रंजनबेन, तुम्हाला ओट्याखाली चालेल ना? मी म्हटलं, चालेल काय, पळेल!

आता सिलिंडरला डोकं लावून आडवी आहे. वाईट वाटलं. वाईट वाटलं याचीच जास्त लाज वाटली. जन्माला न आलेल्या जिवाशी कसली बरोबरी करते मी?

६ एप्रिल

दुपारी दक्षा जडीबांकडे जाते. त्यांच्याकडची फरशी गार, शिवाय म्हातारी तिचे पाय चोळून देते. किरीट कामावर. घरात मी एकटीच.

झोळी धुतली, वाळवली, आकड्यांना बांधली. छान बसली. काम काही उरलं नाही.

९ एप्रिल

मुलगा! सकाळी सव्वादहाला. तीन किलोला थोडा कमी. किरीट दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून भोकाड पसरून रडला आणि मी लहानपणी पुसायचे तसं त्याचं नाक पुसलं.

मी फई झाले. एकुलती एक आत्या. आता बारसं छठीला, सहाव्या दिवशी, आणि नाव ठेवायचा मान माझा. तो मान माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही, राजकोटवालेसुद्धा. सध्या सगळे त्याला लालोच म्हणतात.

११ एप्रिल

लालो घरी आला. जडीबांनी ओवाळलं, बोटं मोडली, आणि आम्ही त्याला घोडियात ठेवला.

असा किंचाळला! रडणं वेगळं असतं, मला एवढं कळतं. ओठ निळे पडले. उचलला की गप्प. पुन्हा ठेवला, पुन्हा तेच. तीन वेळा. दक्षा म्हणाली, झोळीत मुंगी असेल. किरीटने झटकून पाहिलं. मुंगी नव्हती.

बाळ दक्षाच्या मांडीवर होतं तेव्हाही झोळी खाली ओढलेली होती. कापड ताणलेलं. काहीतरी जड आत असल्यासारखं. मी पाहिलं. त्या दोघांना दिसलं नाही.

मला कळलं.

१२ एप्रिल

इथे तरी खरं लिहिते. ही वही कोण वाचणार आहे?

पाच, सहा, सात तारखेला, तिन्ही दुपारी मी रिकामं घोडियं हलवलं. चुकून नाही. दार लावून. मांडी घालून बसले, दोरी ओढली, हालरडं म्हटलं. एवढी मोठी बाई, चाळिशीला टेकलेली! आणि त्याला नाव घेऊन हाक मारली. मेहुल. हे नाव मी लग्नानंतर ठरवलं होतं, माझ्या मुलासाठी, बारा वर्षं जपलं.

तिसऱ्या दुपारी दोरी जड लागली. आत कुणीतरी कूस बदलली.

मी घाबरायला हवं होतं. मी घाबरले नाही. मला आनंद झाला. मी म्हटलं, आलास? हेच सगळ्यात लाजिरवाणं आहे. मी त्याला आलास असं विचारलं.

आणि आता त्याला वाटतं, जागा त्याची आहे.

१२ एप्रिल, दुपार

मी म्हटलं, घोडियं परत देऊ, लालोला पलंगावरच ठेवू. दक्षा एकदम भडकली. तिला खाली झोपता येत नाही, टाके दुखतात, पलंगावरून पोर पडलं तर? मग म्हणाली, माझं लेकरू झोळीत झुललेलं काहींच्या डोळ्यांत सलतंय. काहींच्या म्हणजे कुणाच्या ते सांगायची गरज नव्हती. किरीट तिला ओरडला, माझ्याकडे मात्र त्याने बघितलं नाही.

पुन्हा ठेवला झोळीत. किंचाळून किंचाळून गप्प झाला. ते म्हणाले, रुळला. रुळला नाही. दमला.

१३ एप्रिल

लालो दूध ओढत नाही. डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही, उद्या पुन्हा आणा म्हणाले.

जडीबा आल्या. झोळीला हात लावला आणि झटकन काढला. माझ्याकडे आणि दक्षाकडे बघत विचारलं, रिकामं कुणी हलवलं?

मी म्हटलं, दक्षाचा पाय लागला असेल, जाता येता.

कसं निघालं तोंडातून! दक्षा पांढरीफटक पडली. आठवायला लागली बिचारी. हो, लागला असेल बा, पोटामुळे खाली दिसत नव्हतं मला. आणि धाय मोकलून रडली, मीच माझ्या लेकराचं वाटोळं केलं म्हणून. मी तिला पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला. मी!

जडीबा म्हणाल्या, ज्याने बोलावलं त्यानेच चार माणसांत सांगायचं, मी बोलावलं होतं, ही तुझी जागा नाही, जा. दुसऱ्या कुणी सांगून ते जात नाही. आणि ज्या नावाने हाक मारली असेल ते नाव या घरात पुन्हा घ्यायचं नाही.

दक्षाने हात जोडून सांगितलं झोळीला. चार माणसांत.

झोळी हलली नाही, तशीच ताणलेली. मी बोलले नाही.

सांगितलं तर मला इथे कोण ठेवेल? राजकोट नाही. आईवडील नाहीत. ओट्याखालची गादी, तीही — पण लालो —

१४ एप्रिल, सकाळ

छठी आज. लालो रडतसुद्धा नाही आता. हातात घेतला तर वजनच नाही. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत प्यायला नाही तर दाखल करू.

ठरलं. संध्याकाळी बायका जमतील. चार माणसांत सांगते. पदर पसरून सांगते. हाकलू दे.

१४ एप्रिल, संध्याकाळ

नाही सांगितलं.

सांगणारच होते. चौघींनी कापडाची टोकं धरली, पिंपळाची पानं ठेवली, लालोला वर ठेवलं. मी पुढे झाले. तोंड उघडलं. तेवढ्यात किरीटने माझा हात धरला. सगळ्यांसमोर म्हणाला, मोटीबेन, तू बारा वर्षं जपलेलं नाव दे. मला माहीत आहे. माझ्या मुलाला मेहुलच म्हणायचं. दक्षानेही मान हलवली. रडून सुजलेल्या डोळ्यांनी हसली, म्हणाली, मी वेडंवाकडं बोलले, आता तुमचंच मूल समजा.

नाही कसं म्हणू? का नाही, ते सांगावं लागलं असतं.

कानात सांगितलं. मेहुल.

लालोने डोळे उघडले.

१५ एप्रिल, दुपार

प्यायला. सकाळपासून पाच वेळा. सगळे खूश. फईच्या नावाचा गुण म्हणे. दक्षा माझ्या पाया पडली. मेल्याहून मेल्यासारखं —

तो तिच्याकडे बघत नाही. छातीशी असतो आणि मान वळवून माझ्याकडे. सहा दिवसांचं पोर मान वळवतं? मला बघून हसतो. आलास असं मी विचारलं होतं, त्याचं उत्तर दिल्यासारखा हसतो.

आणि झोळीतून रडणं येतं. बारीक. परवाचंच रडणं, आमच्या लालोचं. भुकेचं. मलाच ऐकू येतं. किरीटला नाही. दक्षालाही नाही. पण तिची साडी भिजते. म्हणते, आत्ताच पाजलं, तरी दूध का पाझरतंय माझं?

सांगायला हवं —

किरीट म्हणतो, बाळ आता आईपाशी झोपेल. घोडियं परत देतो. चहा होईतो झोळी सोड, घडी घाल.

वही ओट्यावर ठेवून लिहिते आहे. एक आकडा सोडला. कापडातून टाच लागली हाताला. एवढीशी. गरम.

दक्षा विचारते, रंजनबेन, रडताय का? मी म्हटलं, कांदा.

दुसरी गाठ घट्ट आहे, ती सुटली की लालोला जागाच उरणार नाही. ती सुटायच्या आत सांगते. देवाशपथ सांगते. तो रडतोय — थांब, बाळा, थांब, सांगते — किरीटने कप खाली ठेवला, म्हणतो तुला नाही जमत, सरक, मी ओढतो —

मी सरक