उणे चार व्होल्ट

सोमवार, ४ तारीख
नोकरीचा पहिला दिवस, आणि टेबल मिळालं ते थेट खिडकीशेजारी! दवाखान्यांतली जुनी यंत्रं दुरुस्त करायचं हे दुकान. मालकांना सगळे काका म्हणतात. त्यांनी नाडी मोजायचं एक यंत्र पुढ्यात ठेवलं. पडदा कोरा. काका म्हणाले, अक्षरं आहेत, दिसत नाहीत एवढंच. या पडद्याला शून्याच्या खालचा, उणे चार व्होल्टचा विजेचा दाब लागतो आणि तोच मेलाय.

मंगळवार, ५
उणे दाब बनवणं म्हणजे पंपाने विहीर उपसणं. वीज एकाच दिशेने जाऊ देणारे दोन डायोड, वीज साठवणारे दोन कपॅसिटर आणि सतत ठोके देणारी एक तार. दर ठोक्याला थोडं उपसलं की दाब शून्याखाली उतरतो. पण ठोके देणारी चिपच जळालेली, नवी यायला आठवडा. मी कसली थांबतेय! यंत्राच्या चिमट्यात बोट घातलं आणि माझ्याच नाडीच्या ठोक्यांची तार पंपाला जोडून दिली. अक्षरं उमटली: नाडी ७६. काकांनी पाठ थोपटली. फोनवर आईला सांगितलं, तर म्हणाली, शेफारू नकोस.

बुधवार, ६
बोट काढलं तरी पडदा चालूच. कपॅसिटरमध्ये उरलेलं फार तर मिनिटभर पुरतं. इथे तास झाला. मनगट धरून पाहिलं. पडद्यावर लुकलुकणारा ठिपका आणि माझी नाडी एकदमच. जिना चढून धापा टाकत आले, तर पडद्यावर ११०. मला भीती वाटतेय. कुणाला सांगावं, तर पहिल्याच आठवड्यात वेडी ठरायची.

शुक्रवार, ८
सकाळी यंत्राचं बटण बंद केलं. छातीत काहीच नाही. ठोकाच नाही. पडता पडता हात बटणावर आपटला, ते चालू झालं, म्हणून वाचले.
आधी माझे ठोके यंत्राला चालवत होते. आता उलट झालंय.

शनिवार, ९
बटणावर चिकटपट्टी लावली. नाडी ५२. हात गार. काकांना सगळं सांगितलं. त्यांना वाटलं, ताप चढलाय.

सोमवार, ११
नाडी ४१. उभं राहवत नाही —
काकांनी माझा चेहरा पाहिला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, "पोरी, या यंत्राने तुला पार खाल्लंय. तू बस. मीच बंद करतो."
ओरडायला गेले. आवाज निघेना.
चिकटपट्टी सोलतायत. हळूच, मला त्रास नको म्हणून —
मोठ्या अक्षरांत लिहून वही त्यांच्यापुढे धरते —
काका, बटण बंद करू न