तीन नंबरचा फलाट

३ नोव्हेंबर
वाल्डेनरोडेला पोचले, तेही वेळेवर! लाल विटांचं लहानसं स्टेशन. दोन फलाट वापरात. तिसऱ्याचे रूळ कधीच उखडलेत, तिथं गवत माजलंय. माझं काम गाड्यांच्या घोषणा करायचं. स्टेशनमास्तर ब्रोडरसेन म्हणाले, “बाई, आवाज असा लावा, की उशिरा आलेल्या गाडीला लाज वाटली पाहिजे!” बाहेर लोझेबाईंचं फुलांचं दुकान. त्यांनी आल्या आल्या माझं लग्न का झालं नाही, याची चौकशी केली.

५ नोव्हेंबर
दुपारी दोन बाराला मी ब्रेड-चीज खात बसले होते. कर्ण्यातून घोषणा झाली: गाडी तीन नंबरच्या फलाटावर येत आहे. आवाज माझाच होता आणि माझ्या तोंडात घास! ब्रोडरसेन हसले, रेकॉर्डिंग वाजलं असेल म्हणाले. लोझेबाई मात्र कात्री खाली ठेवून तीन नंबरकडे चालत गेल्या. परतताना दिसल्या नाहीत.

६ नोव्हेंबर
दुकानाच्या जागी भिंत आहे. जुनी, शेवाळलेली. ब्रोडरसेननी विचारलं, कुठलं दुकान? चेष्टा करत नव्हते ते.

७ नोव्हेंबर
माइकची वायर उपटून ठेवली. दोन बारा. तरी माझा आवाज. ब्रोडरसेन उठले, टोपी घातली. “चला, माझी गाडी आली.” मी त्यांची बाही घट्ट धरली, तीन नंबरला उतरणाऱ्या जिन्यापर्यंत फरफटत गेले. बाही निसटली. खाली धुकं, ब्रेकचा कर्कश आवाज. जिथं रूळच नाहीत, तिथं —

८ नोव्हेंबर
मुख्य कचेरीला फोन केला. म्हणाले, तुमच्या स्टेशनला स्टेशनमास्तर कधी नव्हताच.

९ नोव्हेंबर
मागची पानं वाचली. ब्रोडरसेन कोण? अक्षर माझंच आहे.
म्हणजे मीसुद्धा विसरते आहे. उद्या एकच्या गाडीनं निघायचं.

१० नोव्हेंबर
निघतच होते, तर धाकट्या बहिणीचा फोन. “ताई, मी गाडीत बसलेय, दोनला पोचते. तुला न्यायला!” उतरू नकोस म्हणेपर्यंत फोन कटला. परत लागत नाही. थांबले.

लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही. गुड्रुन. धाकटी. डाव्या गालावर खळी.

दोन दहा. गाडी उशिरा — आली. उतरली ती. माझ्या खोलीचं दार अडकलंय — मी खिडकीतून ओरडतेय —

कर्णा. माझा आवाज.

ती वळली. तिकडे नको, गुड्रुन, नको —

दोन चौदा. फलाट रिकामा. माझा घसा का दुखतोय? वर लिहिलंय, धाकटी. पण मला बहीण कुठे —