सशाचं रगत आन अक्काची नोकरी

चि. बंडप्पास जगदेवीअक्काचा मुंबईहून आशीर्वाद.

न्हाय, आपण लिंगायत, गळ्यात लिंग हाय म्हणून म्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडणार न्हाय. सशांना चारा घालते, मारत न्हाय. डॉक्टरीणबाई त्यांच्या कानातनं थोडं रगत घेत्यात, त्यातनं अँटीबॉडी काढत्यात. आतड्यातल्या गाठीला आवर घालणारं प्रोटीन रोग्याच्या अंगात हाय का, ते त्या अँटीबॉडीनं हुडकत्यात.

तुझे दाजी त्याच गाठीनं गेले. तू मूळव्याध म्हणून जडीबुटी पाजत बसलास, आन आता मला धर्म शिकवतोस व्हय? ससे तुझ्यापरीस शहाणे, न कळता बोलत न्हाईत.

विहिरीला पाणी हाय का? तुझी बायको चन्नम्मा तुला अजून करपलेली भाकरी वाढती का? वाढू दे.

आईला सांगू नको. दिवाळीपासनं परसाकडंला मलाबी रगत पडतंय.

तुझी अक्का